‘कशावरून?’ : सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा विद्यापीठात कसा अभ्यासावा

या विषयाच्या पहिल्या चाचणीत मी उत्तराची सुरुवात ठसक्यात केली होती: ‘कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करता कामा नये.’ वाक्य बरोबर होतं. तरी समासात लाल शाईत एकच शब्द परत आला, ‘कशावरून?’ पुढे सहा पानं लिहिली होती, पण मिळालेल्या गुणांवरून ती कुणी मन लावून वाचली असतील असं काही वाटलं नाही.

देशातल्या कायद्यात हा प्रश्न सहसा पडत नाही. संसद कायदा करते, न्यायालय तो लावतं, पोलीस अंमल बजावतात. इथे जगाची संसदच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव देशांसाठी बहुतेक शिफारशीच असतात. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे कुठल्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय उभं करता येत नाही. म्हणून नियम सांगण्याआधी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: तो आला कुठून, आणि समोरच्या देशाला तो बांधतो का. खाली जे काही सांगतोय ते याच दोन प्रश्नांची सवय लावण्याबद्दल आहे.

पायरी १ : कलम ३८ पाठ करून सोडू नका, चाळणीसारखं वापरा

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या स्टॅच्यूटचं, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीचं, कलम ३८(१) पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नियम कुठून येतात त्याची ती यादी. करार, रूढी, ‘सुसंस्कृत राष्ट्रांनी’ मान्य केलेली सामान्य तत्त्वं. आणि दुय्यम साधनं म्हणून न्यायालयीन निर्णय व विद्वानांची मतं. (‘सुसंस्कृत’ हा शब्द १९२० च्या जुन्या स्टॅच्यूटमधून तसाच उतरलाय. त्या काळी जग कुणाच्या नजरेतून पाहिलं जात होतं ते त्या एका शब्दावरून कळतं.) बहुतेक जण ही यादी घोकतात आणि पुढच्या धड्याला लागतात. यादी खरी कामाला येते ती त्यानंतर.

पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पान घ्या. नियम सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने एक अक्षर लिहा: करार असेल तर ‘क’, रूढी असेल तर ‘रू’, सामान्य तत्त्व असेल तर ‘त’, नुसताच निवाडा किंवा लेखकाचं मत असेल तर ‘दु’. पाच पानं झाली की लक्षात येतं, निम्म्या वाक्यांसमोर काय लिहावं तेच सुचत नाही. ती वाक्यं तुम्हाला समजलेली नाहीत, एवढं नक्की. त्यांच्या तळटीपा उघडा.

‘क’ लिहिलंत तर काम संपलं असं समजू नका. तो देश त्या कराराचा पक्षकार आहे का? करार अमलात कधी आला? त्या देशाने काही आरक्षण ठेवलंय का, म्हणजे एखादं कलम आपल्याला लागू नाही असं सांगून ठेवलंय का? सही आणि अनुसमर्थन (करार पाळायला देशाने दिलेली अंतिम संमती) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करणारा देश फार तर कराराचा हेतूच बुडेल असं काही करणार नाही, इतपत बांधला जातो. करारांच्या कायद्यावरचा १९६९ चा व्हिएन्ना करार हेच त्याचं उत्तम उदाहरण: अमेरिकेने १९७० साली त्यावर सही केली, अनुसमर्थन केलं नाही. कोण पक्षकार आहे आणि आरक्षणं कोणती, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत, फुकट सापडतं. आठवणीवर विसंबून हे कधीही लिहू नये.

पायरी २ : चार कागद कायम हाताशी

संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद, न्यायालयाचं स्टॅच्यूट, १९६९ चा व्हिएन्ना करार आणि देशांच्या जबाबदारीवरची २००१ ची कलमं. छापून घ्या, बांधून घ्या, चिकटपट्ट्या लावा. सनदेतली २(४), २(७), २५, २७, ५१ आणि १०३ ही कलमं शब्दशः यायला हवीत. व्हिएन्ना करारातली १८ ते २१, २६, ३१ ते ३३, ५३ आणि ६० ते ६२. बाकीची कुठे आहेत ते ठाऊक असलं तरी भागतं.

चौथ्या कागदाच्या बाबतीत दर वर्षी कुणीतरी घसरतं. देशांच्या जबाबदारीवरची ५९ कलमं आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने तयार केली आणि २००१ मध्ये आमसभेने त्यांची नोंद घेतली. हा करार नाही. त्यावर कुणी सही केलेली नाही. त्यामुळे ‘कलम ८ नुसार अमुक देश बांधील आहे’ असं लिहिलं की तपासणाऱ्याची भुवई वर जाते. ‘कलम ८ मध्ये रूढीचा नियम मांडलाय, आणि न्यायालयाने तो तसा मानलाय’ असं लिहा. फरक चार शब्दांचा आहे, पण त्यावरच समोरच्याला कळतं की तुम्ही विषय वाचलाय की नुसत्या नोट्स.

पायरी ३ : निवाड्यांबद्दल वाचू नका, निवाडे वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सगळे निवाडे त्याच्या संकेतस्थळावर आहेत. लांबीला घाबरू नका, आणि पहिल्या पानापासून तर मुळीच सुरुवात करू नका.

आधी शेवट उघडा. तिथे न्यायालयाने नेमका काय आदेश दिला ते मुद्द्यांनिशी असतं, आणि प्रत्येक मुद्द्यावर किती विरुद्ध किती मतं पडली तेही. मग मागे जाऊन दोन्ही बाजूंनी अखेरीस काय मागितलं होतं ते वाचा. मग अधिकारक्षेत्र: न्यायालय मुळात हा खटला ऐकू कशाच्या आधारावर शकलं? हे झाल्यावर गुणदोषांचा, म्हणजे मूळ वादाचा, भाग वाचायला घ्या. सगळ्यात शेवटी एखादं भिन्नमत. बहुमताने कुठला दुवा हलक्या हाताने ओलांडला ते भिन्नमतात हमखास सापडतं.

एक उदाहरण जवळून पाहू. लाग्रँड खटला, जर्मनी विरुद्ध अमेरिका. कार्ल आणि वॉल्टर लाग्रँड हे दोन जर्मन भाऊ. १९८२ मधल्या खुनासाठी अ‍ॅरिझोनात दोघांना फाशीची शिक्षा झाली. आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधायचा हक्क त्यांना आहे, हे १९६३ च्या वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे सांगायला हवं होतं, ते वेळेत सांगितलं गेलं नाही. कार्लची शिक्षा २४ फेब्रुवारी १९९९ रोजी अमलात आली. २ मार्चला जर्मनी हेगला गेली. ३ मार्चला न्यायालयाने वॉल्टरची शिक्षा थांबवण्यासाठी अंतरिम आदेश दिला. त्याच दिवशी वॉल्टरलाही मृत्युदंड दिला गेला.

मग प्रश्न उभा राहिला: असा अंतरिम आदेश बंधनकारक असतो का? स्टॅच्यूटच्या कलम ४१ चा इंग्रजी मजकूर मऊ आहे. जे उपाय ‘केले जायला हवेत’ ते सुचवायचा अधिकार, अशा धाटणीचा. फ्रेंच मजकुरातलं क्रियापद मात्र ‘केलेच पाहिजेत’ या अंगाने जातं. दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत. न्यायालयाने १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३३(४) मधला नियम लावला: मजकुरांत फरक असेल आणि तो इतर मार्गांनी सुटत नसेल, तर कराराचा हेतू आणि उद्देश पाहून दोन्हींचा मेळ घालणारा अर्थ घ्यायचा. खटला चालू असताना दोन्ही बाजूंचे हक्क शाबूत राहावेत, हा कलम ४१ चा हेतू. न पाळला तरी चालणारा आदेश त्या हेतूच्याच मुळावर येतो. म्हणून २७ जून २००१ च्या निवाड्यात न्यायालय म्हणालं, अंतरिम आदेश बंधनकारक असतात.

आता आपला प्रश्न विचारा. कशावरून? स्टॅच्यूट १९४५ चं, व्हिएन्ना करार १९६९ चा. आणि त्या कराराचं कलम ४ म्हणतं, तो मागच्या करारांना लागू नाही. शिवाय अमेरिका त्याची पक्षकारही नाही. मग कलम ३३ इथे आलं कुठून? उत्तर: करार म्हणून आलं नाही, त्यात लिहिलेला नियम रूढीचा आहे म्हणून आलं. अर्थ लावण्याच्या प्रश्नात हे एक वाक्य लिहिणारे विद्यार्थी वर्गात दोन-तीनच असतात.

एकदा लाग्रँड असा वाचलात की त्याच कलम ३६ वरचे पुढचे खटले निम्म्या वेळात होतात: २००४ चा अवेना, २०१९ चा कुलभूषण जाधव. तिन्हींमध्ये न्यायालयाने उपाय म्हणून काय दिलं तेवढंच शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘पुनर्विलोकन आणि फेरविचार’ हा शब्दप्रयोग कसा पक्का होत गेला ते दिसतं. आणि हो, स्टॅच्यूटच्या कलम ५९ प्रमाणे निवाडा फक्त त्या खटल्यातल्या पक्षांना, त्या खटल्यापुरताच बांधतो. तरी न्यायालय स्वतःचे जुने निवाडे पदोपदी उद्धृत करतं. ही गंमत उत्तरात जरूर दाखवा, पण ‘पूर्वनिर्णय बंधनकारक आहे’ असं चुकूनही लिहू नका.

पायरी ४ : रूढीशी दोन हात

विषयातला सगळ्यात निसरडा भाग हाच. रूढीला दोन गोष्टी लागतात: देशांचं प्रत्यक्ष वागणं, आणि आपण कायद्याने बांधलेलो आहोत म्हणून असं वागतो ही धारणा, म्हणजे ओपिनिओ ज्युरिस. व्याख्या सोपी आहे, ती लावणं नाही.

१९६९ चा उत्तर समुद्राच्या खंडमंचाचा (किनाऱ्यापुढच्या समुद्रतळाचा) खटला घ्या. डेन्मार्क आणि नेदरलँड्स म्हणत होते, समुद्रतळाची वाटणी समदूर रेषेने (दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या रेषेने) करायची, कारण १९५८ च्या जिनिव्हा करारात तसं आहे. पश्चिम जर्मनीने त्या करारावर सही केली होती, अनुसमर्थन नव्हतं. म्हणजे करार म्हणून तो तिला लागू नाही. मग रूढी म्हणून लागतो का? काही देशांनी समदूर रेषा वापरली होती, हे न्यायालयाने पाहिलं. पण ती कायद्याचं बंधन समजून वापरली होती की निव्वळ सोय म्हणून, हे दिसत नाही, असं ११ विरुद्ध ६ मतांनी ठरलं. सवय आणि रूढी यांच्यातली रेघ इथे जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच.

त्याच्या शेजारी १९८६ चा निकाराग्वा विरुद्ध अमेरिका ठेवा. न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करणाऱ्या अमेरिकेच्या घोषणेत बहुपक्षीय करारांबद्दल आरक्षण होतं, म्हणून न्यायालयाला सनदेचं कलम २(४) थेट लावता येईना. मग त्याने म्हटलं, बळाच्या वापराला मनाई हा रूढीचाही नियम आहे, आणि तो सनदेच्या बाजूने स्वतंत्रपणे जगतो. माझ्या त्या लाल शाईतल्या ‘कशावरून?’चं उत्तर या खटल्यात होतं, आणि तोवर मी त्याच्या सारांशाच्या आठ ओळीच वाचल्या होत्या. देश तर हा नियम वरचेवर मोडतात, मग रूढी कसली? यावर न्यायालयाचं म्हणणं असं: मोडणारा देश जर ‘मी मोडलाच नाही’ किंवा ‘मी अपवादात बसतो’ असा बचाव करत असेल, तर त्याने नियम मान्यच केलाय.

सरावासाठी एक कागद उभा दुमडा. डावीकडे देश काय करतात, उजवीकडे ते तसं का करतो म्हणतात. उजवी बाजू कोरी राहिली तर रूढी सिद्ध झालेली नाही. विधी आयोगाचे २०१८ चे १६ निष्कर्ष याच कामासाठी आहेत. एका संध्याकाळी वाचून होतात.

पायरी ५ : टिपणं

थोडक्यात: खटल्यामागे एक कार्ड, त्याहून जास्त नाही. पक्ष आणि साल, अधिकारक्षेत्र कशावर, वाद एका वाक्यात, नियम, त्या नियमाचा स्रोत, आणि आज तो टिकून आहे का. शेवटचा रकाना विसरू नका. १९२७ चा लोटस खटला आठवा: फ्रेंच आणि तुर्की जहाजांची टक्कर, आठ तुर्की मृत, आणि फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरायचा तुर्कस्तानचा अधिकार ६ विरुद्ध ६ नंतर अध्यक्षांच्या निर्णायक मताने मान्य झाला. देशांच्या स्वातंत्र्यावरची बंधनं गृहीत धरता येत नाहीत, हे त्यातलं म्हणणं आजही उद्धृत होतं. पण खोल समुद्रातल्या टक्करींपुरता तो निकाल १९५८ च्या कराराने फिरवला, आणि १९८२ च्या समुद्र कायदा कराराच्या कलम ९७ ने त्यावर पुन्हा शिक्का मारला. ज्यांच्या कार्डावर हे नसतं ते परीक्षेत मेलेला नियम जिवंत करून ठेवतात.

पायरी ६ : समस्याप्रधान प्रश्न

समजा प्रश्न असा आहे. ‘अ’ देश शेजारच्या ‘ब’ देशातल्या बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं पुरवतो. बंडखोर ‘ब’चं एक धरण उडवतात. ‘ब’ चिडून ‘अ’च्या विमानतळावर बॉम्ब टाकतो आणि दोघांमधला व्यापार करार संपला असं जाहीर करतो. सल्ला द्या.

नवखा विद्यार्थी घटनांच्या क्रमाने लिहीत जातो आणि मध्येच कुठेतरी ‘अ’ दोषी आहे असं म्हणून मोकळा होतो. क्रम कायद्याचा हवा.

आधी धरण. बंडखोरांचं कृत्य ‘अ’च्या माथी येतं का? देशांच्या जबाबदारीवरच्या कलमांपैकी कलम ८ मधल्या सूचना, निर्देश किंवा नियंत्रण या कसोट्या. निकाराग्वा खटल्यात न्यायालयाने ‘प्रभावी नियंत्रण’ मागितलं. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये तादिच खटल्यात ‘एकूण नियंत्रण’ पुरेसं मानलं. २००७ मध्ये बोस्नियाच्या वंशसंहार खटल्यात हेगच्या न्यायालयाने, देशाच्या जबाबदारीपुरती आपली जुनी कसोटीच कायम ठेवली. दिलेल्या माहितीत ‘अ’ने या कारवाईचे हुकूम दिल्याचं कुठेही नाही. म्हणजे धरणाचं कृत्य ‘अ’चं ठरणं अवघड.

इथे थांबू नका, निम्मे गुण पुढेच आहेत. बंडखोरांचं कृत्य ‘अ’चं नसलं तरी मदत करणं हे ‘अ’चं स्वतःचं कृत्य आहे. निकाराग्वा खटल्यात शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा बळाचा वापर ठरला. नुसता पैसा पुरवणं हा अंतर्गत बाबीत हस्तक्षेप ठरला, बळाचा वापर नव्हे. ‘अ’ने दोन्ही दिलंय, तर दोन्ही वेगवेगळं लिहा.

मग विमानतळ. सनदेच्या कलम ५१ खालच्या स्वसंरक्षणासाठी ‘सशस्त्र हल्ला’ लागतो, आणि त्याच निवाड्याप्रमाणे शस्त्रपुरवठा हा सशस्त्र हल्ला होत नाही. म्हणजे बळाच्या प्रत्येक बेकायदा वापराला बळाने उत्तर देता येत नाही. ही फट अनेकांना खटकते. उत्तरात तसं म्हणायला हरकत नाही, फक्त आधी कायदा सांगून मग म्हणा. हल्ला मानला तरी आवश्यकता, प्रमाणबद्धता आणि सुरक्षा परिषदेला कळवणं या अटी उरतातच.

शेवटी व्यापार करार. व्हिएन्ना कराराचं कलम ६० त्याच कराराचा भंग मागतं, आणि ‘अ’ने व्यापार करार मोडलेला नाही. राहतो प्रतिउपायांचा रस्ता, म्हणजे चुकलेल्या देशाला ताळ्यावर आणण्यासाठी आपणही त्याच्याबाबतचं एखादं बंधन न पाळणं. त्यात करारातली बंधनं तात्पुरती न पाळणं बसू शकतं, करार कायमचा संपवणं नाही. बॉम्ब टाकणं तर प्रतिउपायात कधीच बसत नाही.

प्रश्नात न्यायालयाचा उल्लेख असेल तरच अधिकारक्षेत्रावर लिहा, आणि मग ते सगळ्यात आधी. तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय यांची गल्लत करू नका. दोन्ही हेगमध्ये आहेत, पण पहिल्यापुढे देश उभे राहतात, तर १९९८ च्या रोम स्टॅच्यूटमधून झालेल्या दुसऱ्यापुढे माणसं.

पायरी ७ : निबंध आणि मूट

‘आंतरराष्ट्रीय कायदा हा खरंच कायदा आहे का’ हा निबंध दर काही वर्षांनी येतोच. तत्त्वज्ञानात पोहत बसण्यापेक्षा एक ठोस उदाहरण धरा. १९९६ चं अण्वस्त्रांवरचं सल्लागारी मत घ्या: कळीच्या मुद्द्यावर ७ विरुद्ध ७, अध्यक्षांचं निर्णायक मत, आणि चौदाच्या चौदा न्यायाधीशांनी स्वतःचं काही ना काही वेगळं जोडलेलं. कायदा कुठे बोलतो आणि कुठे अडखळतो, दोन्ही त्या एका कागदात आहे.

मूटची, म्हणजे लुटुपुटूच्या न्यायालयात वाद घालण्याच्या स्पर्धेची, संधी मिळाली तर सोडू नका. १९६० पासून चालत आलेल्या जेसप स्पर्धेत एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं लिहावी लागतात. आधी जी बाजू पटत नाही तिचं निवेदन लिहा. उभं राहून बोलताना मधेच प्रश्न येईल, आणि दहापैकी सहा वेळा तो याच अर्थाचा असेल: ‘वकीलसाहेब, याला आधार काय?’ त्यावर पहिला शब्द कराराचं किंवा खटल्याचं नाव हवा, ‘मला वाटतं’ नको.

पायरी ८ : शेवटचा आठवडा

नवीन काही उघडू नका. एकच निवाडा घ्या: गाब्चिकोव्हो-नाग्यमारोस, हंगेरी आणि स्लोव्हाकिया, २५ सप्टेंबर १९९७. डॅन्यूब नदीवरच्या धरणांसाठी १९७७ मध्ये करार झाला. १९८९ मध्ये हंगेरीने पर्यावरणाचं कारण देऊन काम थांबवलं, चेकोस्लोव्हाकियाने आपल्या हद्दीत नदी वळवायचं काम हाती घेतलं, १९९२ मध्ये हंगेरीने करार संपल्याचं जाहीर केलं, आणि पुढे चेकोस्लोव्हाकियाच उरला नाही. करार संपवण्याची कारणं, परिस्थितीतला मूलभूत बदल, अपरिहार्यतेचा बचाव, प्रतिउपायांची प्रमाणबद्धता, देश फुटल्यावर कराराचं काय, पर्यावरण: निम्मा अभ्यासक्रम एका नदीकाठी गोळा झालाय.

निवाडा झाकून ठेवा आणि वरच्या सहा मुद्द्यांवर आधी स्वतःचं उत्तर लिहा, प्रत्येकी अर्धं पान, प्रत्येक वाक्यासमोर क, रू, त, दु. मग निवाडा उघडून ताडून पाहा. व्हिएन्ना करार १९७७ च्या कराराला थेट लागू का झाला नाही, हे न बघता लिहिता आलं तर परीक्षेची तयारी झाली. जमलं नाही तर लाग्रँडचं कार्ड पुन्हा काढा. न्यायाधीश वीरमंत्रींचं स्वतंत्र मत मात्र परीक्षेनंतरसाठी राखून ठेवा. शाश्वत विकासाबद्दल बोलताना ते श्रीलंकेच्या प्राचीन तलाव-कालव्यांपर्यंत जातात, आणि एकदा वाचायला घेतलं की अभ्यास बाजूला राहतो.